पिकगार्ड, नॉब, कव्हरं: इलेक्ट्रिक गिटारचा साज बदलण्याचा नीट क्रम

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी बऱ्याच चांगल्या चालू असतात, आदल्या रविवारपर्यंत. मग मालक हौसेने नवं पिकगार्ड (बॉडीच्या पुढच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी), नॉब (आवाजाची गोल बटणं) आणि पिकअपची (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागांची) कव्हरं आणतो, दुपारी सगळं उघडतो, आणि दोन दिवसांनी गिटार माझ्या टेबलावर येते. स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत, एक वायर तुटलेली, नवं पिकगार्ड कोपऱ्यात तडकलेलं.

या भागांना आपण सजावटीचे म्हणतो, पण प्रत्येकाकडे काहीतरी काम असतं. पिकगार्डला अख्खं वायरिंग लटकलेलं असतं. बॉडीच्या मागच्या नेक प्लेटवर नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब मानेचा, ताण असतो. ब्रिजमधून, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागातून, तारांचं अर्थिंग जातं. म्हणून आधी माप, मग खरेदी, मग रंगकाम, आणि सगळ्यात शेवटी जोडणी, हा क्रम मोडायचा नाही.

उदाहरणासाठी स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची गिटार घेतली आहे: तीन पिकअप, तीन नॉब, पाच ठिकाणी थांबणारा स्विच. आपल्याकडे हीच सर्वांत जास्त दिसते, आणि सगळ्यात जास्त चुकाही हिच्यावरच होतात.

१. खरेदीआधी माप

फोटो बघून सेट मागवणं ही पहिली चूक. फोटोत सगळी पिकगार्डं सारखीच दिसतात. एक डिजिटल कॅलिपर घ्या, नसेल तर चांगली स्टीलची पट्टी चालेल, आणि पुढची मापं कागदावर लिहून काढा.

पिकगार्डच्या स्क्रूची भोकं मोजा. जुन्या पद्धतीच्या पिकगार्डला ८ असतात, आताच्या बहुतेकांना ११. संख्या जुळली म्हणजे जागा जुळली असं समजू नका. स्वस्त गिटारींमध्ये ११ भोकं असूनही दोन-तीन इकडेतिकडे असतात. खात्रीचा उपाय एकच: जुनं पिकगार्ड काढून पांढऱ्या कागदावर ठेवा, टोकदार पेन्सिलीने कडा आणि प्रत्येक भोक उतरवून घ्या, आणि विक्रेत्याकडून नव्याची मापं मागवून त्यावर पडताळा. पिकअपची रचनाही बघा. तिन्ही सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) आहेत की ब्रिजजवळ हंबकर (दोन वेटोळ्यांचा रुंद पिकअप) आहे, यावर कापलेली खिडकी ठरते.

पिकअपच्या कव्हरसाठी पहिल्या पोलच्या (पोल म्हणजे तारांखाली दिसणारे सहा गोल धातूचे ठिपके) मध्यापासून सहाव्या पोलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. साधारण ४८, ५० आणि ५२ मिमी अशी तीन मापं बाजारात चालतात. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण कव्हर बसत नाही. तिन्ही पिकअप वेगवेगळे मोजा, कारण काही गिटारींत ब्रिजजवळच्या पिकअपचं अंतर जास्त असतं.

नॉबची गोष्ट थोडी बारकाईची आहे. अमेरिकन बनावटीच्या गिटारींत पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग, ज्याने आवाज कमी-जास्त होतो) इंचाच्या मापाचे असतात, आशियाई बनावटीच्या बहुतेक गिटारींत मिलिमीटरच्या. पॉटचा दांडा भरीव असेल तर व्यास बघा: ६ मिमी की ६.३५. दांडा मधून चिरलेला आणि दातेरी असेल तर दाते मोजा. मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा केला की सहज मोजता येतात. आशियाई दांड्यावर १८ दाते असतात, अमेरिकन दांड्यावर २४. चुकीचा नॉब ठोकून बसतोही, पण काही दिवसांत बुडाशी तडकतो.

पिकगार्डमधल्या पॉटच्या भोकाचंही तेच. छोट्या मेट्रिक पॉटचा आट्यांचा भाग ७ मिमीचा असतो, मोठ्या अमेरिकन पॉटचा ९.५ मिमीचा. नव्या पिकगार्डचं भोक मोठं निघालं तर वॉशर लावून भागतं. लहान निघालं तर रीमर (भोक वाढवायचं निमुळतं हत्यार) फिरवून हळूहळू वाढवा. ड्रिलची जाड बिट घालू नका, प्लास्टिक बिटला धरून फिरतं आणि फाटतं.

स्विचच्या टोपीसाठी दांडीची रुंदी आणि जाडी, दोन्ही मोजा. पिकअप वरखाली करणारे स्क्रू अमेरिकन गिटारींत बहुधा ६-३२ (इंची माप) आट्यांचे असतात आणि आशियाईत एम ३ (मिलिमीटरचं माप). एकाचा स्क्रू दुसऱ्यात जबरदस्तीने फिरवला की पिकअपच्या तळपट्टीचे आटे जातात.

तपासणी: भोकांची संख्या आणि जागा, पोलचं अंतर, दांड्याचा प्रकार, पॉटचं भोक, स्विचची दांडी. या पाचांपैकी एकाचंही माप नसेल तर ऑर्डर देऊ नका.

२. धातूचा रंग ठरवताना

क्रोम निळसर झाक मारतं, निकेल किंचित पिवळसर. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही सारखीच वाटतात. गिटारवर शेजारीशेजारी आली की फरक लगेच डोळ्यात भरतो. ब्रिज आणि ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) क्रोमचे असतील तर जॅक प्लेट (केबल लावायच्या भोकाची प्लेट) आणि नेक प्लेट क्रोमचीच घ्या.

मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी निकेल लवकर काळवंडतं. कुणाला तो जुनाटपणा आवडतो, मलाही आवडतो, पण तो आपसूक येऊ द्यावा. सोनेरी मुलामा फार पातळ असतो. तळहात टेकतो त्या जागी, म्हणजे ब्रिजवर, तो घामाने सर्वांत आधी जातो. सोनेरी हवंच असेल तर हात न लागणाऱ्या भागांवर ठेवा.

३. उघडण्याची तयारी

टेबलावर जाड टॉवेल पसरा आणि नेकखाली कापडाची गुंडाळी ठेवा. पुठ्ठ्यावर पिकगार्डचा ढोबळ आकार काढून जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर तिथेच टोचत जा. एवढ्या साध्या सवयीने निम्मा गोंधळ टळतो. स्क्रू वरून सारखे दिसले तरी पिकगार्डचे, पिकअपचे आणि जॅक प्लेटचे वेगळे असतात.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसायला हवं. सैल बसलं तर घसरतं, आणि घसरलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा बॉडीवर कायमचा राहतो. पिकगार्डच्या कडेने बॉडीवर मास्किंग टेप लावून ठेवा.

तारा सगळ्या काढा. नुसत्या सैल करून, बाजूला सारून काम उरकू नका. आडवी आलेली तार पिकगार्ड उचलताना नेमकी वायरीत अडकते.

नॉब काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पिकगार्डवर खड्डा पडतो. बुटाची नाडी नॉबखाली एक वेढा घालून दोन्ही टोकं धरा आणि सरळ वर ओढा. नॉबच्या बाजूला बारीक स्क्रू दिसत असेल तर तो नॉब ओढून निघत नाही, आधी स्क्रू सैल करा.

४. पिकगार्ड उचलणं

स्क्रू निघाले की पिकगार्ड वर येतंच असं नाही. २२ फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बऱ्याच नेकवर फिंगरबोर्डचं, म्हणजे बोटं ठेवायच्या फळीचं, टोक पुढे आलेलं असतं आणि पिकगार्ड त्याखाली अडकलेलं असतं. ओढलंत तर तिथेच तडकतं. आधी ब्रिजकडची बाजू उचला आणि पिकगार्ड ब्रिजच्या दिशेने सरकवून बघा. तरी येत नसेल तर नेकचे चारही स्क्रू थोडे सैल करून नेक किंचित उचला.

पिकगार्ड पुस्तकाच्या पानासारखं उलटवा आणि टॉवेलवर पालथं ठेवा. लगेच फोटो काढा: एक पूर्ण, एक स्विचचा, एकेक प्रत्येक पॉटचा. नेहमीच्या वायरिंगमध्ये पिकगार्डपासून बॉडीकडे तीनच वायरी जातात. दोन जॅककडे, आणि एक मागच्या खाचेतल्या स्प्रिंगच्या पंजाकडे (स्प्रिंग अडकतात त्या धातूच्या पट्टीकडे). ही तिसरी म्हणजे अर्थिंग. तिला धक्का लागून ती निघाली तर गिटार वाजते, पण सतत गुणगुणते, आणि कारण सापडायला दिवस जातो.

नवं पिकगार्ड बसवायला बहुतेक वेळा काहीही डिसोल्डर करावं (सोल्डर वितळवून वायर सुटी करावी) लागत नाही. पॉटचे नट, स्विचचे दोन स्क्रू आणि पिकअपचे स्क्रू काढले की अख्खं जाळं जसंच्या तसं नव्या पिकगार्डवर येतं. घाबरून वायरी कापणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून कापू नका.

५. पिकअपची कव्हरं

या कामात घाई अजिबात चालत नाही. कव्हरच्या आत तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. ४२ गेजच्या त्या तारेची जाडी साधारण ०.०६३ मिमी, म्हणजे केसासारखी. ती एका जागी तुटली की पिकअप गेला.

पिकअपवर पेन्सिलीने ‘नेक’, ‘मधला’, ‘ब्रिज’ असं लिहा. मधल्या पिकअपचं वेटोळं आणि चुंबक बऱ्याच गिटारींत उलट्या दिशेचे असतात, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण कमी होते. पिकअपच्या जागा बदलल्या की हा फायदा जातो.

दोन्ही स्क्रू काढताना स्प्रिंग किंवा रबरी नळ्या उडतात, त्या बोटाने धरा. मग पिकअप तळपट्टीच्या दोन्ही टोकांना धरा आणि कव्हर आळीपाळीने थोडं थोडं वर सरकवा. मेणाने चिकटलं असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा काही सेकंद द्या.

सावध: पोल अंगठ्याने दाबून कव्हर काढू नका. मी माझा पहिला पिकअप असाच गमावला. कव्हर हलेना म्हणून पोल खाली दाबले, एक पोल अर्धा मिलिमीटर सरकला आणि आतली तार तुटली. काही पिकअपांत तार थेट चुंबकाच्या पोलवर गुंडाळलेली असते, त्यामुळे पोल हलला की तार ताणली जाते.

नवं कव्हर आधी नुसतं वरून टेकवून बघा. सहाही पोल आपोआप भोकांत उतरले पाहिजेत. दोन अडत असतील तर भोकं गोल कानसीने अगदी थोडी मोठी करा. हे कानसकाम पिकअपपासून लांब, दुसऱ्या टेबलावर.

हंबकरला धातूचं कव्हर घालायचं असेल तर निकेल सिल्व्हरचं घ्या. जाड पितळी कव्हरमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे भोवरी प्रवाह (धातूत आतल्या आत फिरणारी वीज) जास्त तयार होतात आणि वरचे सूर बोथट होतात. हे कव्हर तळपट्टीला सोल्डर करावं लागतं. सोल्डरिंग आयर्न कमी ताकदीचं असेल तर धातू तापेपर्यंत आतली कॉइल भाजते. हाताला सवय नसेल तर हे एक काम कारागिराकडे द्या.

६. रंगवणं आणि जुनं दिसायला लावणं

रंगकाम नेहमी सुट्या भागांवर. बसवलेल्या पिकगार्डवर टेप लावून स्प्रे मारणारे पुढे महिनाभर खरखरणारे पॉट घेऊन फिरतात, कारण रंगाचा फवारा आत जातो.

आधी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. हाताचं तेल राहिलं की रंग तिथून सुटतो. पूर्ण वाळल्यावर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासा, चकाकी जाईपर्यंतच. मग प्लास्टिकचा प्रायमर, मग रंगाचे पातळ थर, प्रत्येक थरामध्ये १०-१५ मिनिटं. एक जाड थर मारला तर ओघळतो आणि आतून ओला राहतो. नॉबच्या आतलं भोक, कव्हरमधली पोलची भोकं आणि स्क्रूचे खोलगट भाग टेपने किंवा कागदाच्या बोळ्याने बंद ठेवा. रंगाचा थर तिथे चढला की बसवताना सगळं अडतं.

नॉबवरचे आकडे कोरलेले असतील तर रंग पूर्ण वाळल्यावर खाचांत दुसरा रंग भरा आणि वरचा लगेच ओल्या कापडाने पुसून घ्या. आकडे पुन्हा स्पष्ट उठतात. माझ्या मते अख्ख्या कामातला हा सर्वांत समाधान देणारा भाग.

सावध: ॲसिटोन आणि एनसी थिनर (रंग पातळ करायचा द्राव) पिकअप कव्हरच्या प्लास्टिकला विरघळवतात. डाग पुसायला ते वापरू नका. भर पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. रंग नखाला टणक लागेपर्यंत आणि वास पूर्ण जाईपर्यंत भाग वापरात घेऊ नका.

पांढरं प्लास्टिक पिवळसर करण्यासाठी चहा-कॉफीत भिजवण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. कव्हरवर त्याने हलकी छटा येते, पण तीन थरांच्या पीव्हीसी पिकगार्डवर जवळजवळ काही चढत नाही, आणि सेटमधले दोन भाग दोन रंगांचे दिसतात. अंबर छटेच्या पारदर्शक लॅकरचे एक-दोन पातळ हात देणं जास्त भरवशाचं.

नव्या प्लास्टिकची चकाकी मारायला स्टील वूल वापरतात. ते वापरायचं असेल तर गिटार त्या खोलीत नको. स्टीलचे बारीक कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि निघत नाहीत. २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह वापरला तर तेच काम होतं.

धातू जुना दिसावा म्हणून ॲसिडच्या वाफेत ठेवण्याचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. बंद खोलीत ती वाफ फुप्फुसांना तर बाधतेच, शेजारच्या तारा, फ्रेट आणि हत्यारंही गंजवते.

ब्रिज काळा रंगवायचा असेल तर एक लक्षात ठेवा: रंग वीज अडवतो. तारा ब्रिजला, ब्रिज स्प्रिंगला आणि स्प्रिंग पंजाला, अशी अर्थिंगची साखळी असते. तार टेकते त्या सॅडलवर आणि स्प्रिंग अडकतात त्या भोकांत रंग जाऊ देऊ नका.

७. स्वतःचं पिकगार्ड कापून घेणं

ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात लेझरने ॲक्रिलिक कापून मिळतं. तिसऱ्या टप्प्यातल्या पुठ्ठ्यावर अवलंबून राहू नका, पहिल्या टप्प्यात उतरवलेला कागद न्या. कापण्याआधी त्याच फाइलवरून साध्या पुठ्ठ्याचा नमुना कापून गिटारवर ठेवून बघा. पुठ्ठा स्वस्त आहे.

लेझरवर पीव्हीसी कापू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो आणि मशीनही खराब होतं. जाणकार दुकानदार स्वतःच नकार देईल.

लेझरने कापलेली ॲक्रिलिकची कड अल्कोहोलने पुसलीत तर तिच्यावर केसांसारख्या चिरा उमटतात. साबणाचं पाणी पुरेसं आहे. ॲक्रिलिक ३ मिमीचं असेल तर ते नेहमीच्या पिकगार्डपेक्षा जाड असतं. पॉटच्या आट्यांवर नट पकडायला जागा उरते का, हे कापण्याआधी मोजा. स्क्रूच्या डोक्यासाठी खोलगट भाग काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या बिटने) हाताने फिरवून करा.

८. नेक प्लेटवर नाव

नाव, तारीख किंवा चित्र कोरायचं असेल तर नेक प्लेट सर्वांत योग्य जागा. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देणारे लोक अजूनही भांड्यांच्या बाजारात बसतात, आणि त्यांचा हात पाहण्यासारखा असतो. थरथरणारी सुई स्टीलवर टेकवून ते देवनागरी अक्षर एका दमात काढतात, वेलांटीसुद्धा न थांबता. पण त्यांना क्रोम चढवलेली प्लेट देऊ नका. सुई मुलामा फोडून खालच्या लोखंडापर्यंत जाते आणि अक्षरं पहिल्या पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेस स्टीलची कोरी प्लेट घ्या. चुंबक जोरात चिकटला तर बहुधा ती मुलामा दिलेली लोखंडी प्लेट असते.

बसवताना तारा उतरवलेल्याच हव्यात. चारही स्क्रू आधी हाताने उलटे फिरवा, ‘टक’ असं जाणवलं की जुन्या आट्यांत बसले, मग सुलटे फिरवा. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, असे थोडे थोडे आवळा.

९. नव्या पिकगार्डवर जोडणी

पिकगार्डच्या वरची पारदर्शक फिल्म बाहेरच्या कडेला ठेवा, पण नट आणि स्क्रूच्या खालून ती आधी सोलून घ्या. नाहीतर शेवटी तिचे तुकडे नटाखाली अडकून राहतात.

पिकगार्डच्या मागे ॲल्युमिनियम किंवा तांब्याची फॉइल लावा. कोरड्या हिवाळ्यात पिकगार्डवरून हात फिरवला की स्थिर विजेचा चर्रर्र आवाज येतो, तो यामुळे कमी होतो. फॉइल पॉटच्या अंगाला टेकलेली हवी, मात्र स्विचच्या सोल्डर केलेल्या टोकांना कुठेही लागता कामा नये.

मग क्रमाने आधी स्विच, मग पॉट, शेवटी पिकअप. पॉटचा नट वरून आवळताना खालून पॉट हाताने धरून ठेवा. पॉट फिरला की वायरी पिळल्या जातात. जॅक प्लेटचा नट आवळतानाही हेच. ‘वाजता वाजता आवाज जातो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या गिटारींमध्ये मला सर्वांत जास्त वेळा जॅकचीच पिळून तुटलेली वायर सापडते.

तपासणी, बंद करण्याआधी: केबल लावा, अँप अगदी हळू ठेवा, स्विच एकेका जागी नेऊन स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपच्या पोलवर हलकी टकटक करा. निवडलेला पिकअप स्पष्ट ठकठकला पाहिजे. अँप नसेल तर व्हॉल्युम पूर्ण ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकावर मल्टीमीटर लावा. एका साध्या सिंगल कॉइलचा रोध साधारण ५ ते ७ किलोओहम येतो. काहीच आकडा आला नाही तर कुठेतरी वायर सुटली आहे, शून्याजवळ आला तर काहीतरी फॉइलला टेकलंय. दोष शोधायची हीच वेळ, ११ स्क्रू आवळल्यावर नाही.

१०. बसवणं

पिकगार्ड जागेवर ठेवा आणि समोरासमोरचे दोनच स्क्रू सैल लावा. ब्रिजची प्लेट आणि पिकगार्ड यांच्यात फट आहे का बघा. चिकटली असेल तर ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर डोलवणारा दांडा) वापरल्यावर गिटार सुरात परतत नाही. पहिली (सर्वांत पातळ) आणि सहावी (सर्वांत जाड) तार चढवून ती पोलच्या मध्यावर येते का, तेही बघा.

एखादं भोक जुळत नसेल तर पिकगार्डचं भोक ओढून लांबवू नका. बॉडीतलं जुनं भोक काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल घालून भरा, रात्रभर वाळू द्या, मग नव्या जागी २ मिमीच्या बिटने भोक पाडा. किती खोल जायचं ती खूण बिटवर टेप गुंडाळून करा. स्क्रू घट्ट जात असेल तर आट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो.

स्क्रू टेकला की थांबा. स्क्रूच्या डोक्याभोवती प्लास्टिक वाकलेलं दिसलं तर जास्त आवळलं आहे, पाव वेढा मागे या.

आता फिल्म सोला, नॉब आणि स्विचची टोपी दाबून बसवा. नॉब पिकगार्डला घासत असेल तर कागदाची जाडी राहील इतका वर घ्या. दातेरी दांड्यावर नॉब सैल बसत असेल तर पातळ पात्याने दांड्याची चीर किंचित उघडा. घट्ट असेल तर ती बोटांनी हलकी मिटवा.

तारा चढवून सुरात आणा आणि पिकअपची उंची लावा. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिचा तळ आणि पोल यांतलं अंतर साधारण २ मिमी ठेवा, पहिल्या तारेला १.६ मिमी. पिकअप फार वर आला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

आठवड्याने पॉटचे आणि जॅकचा नट पुन्हा हाताने तपासा. नवं प्लास्टिक दाबाखाली थोडं बसतं आणि नट एखाद्या वेढ्याने सैल झालेला सापडतो.